सावित्रीकाठचा तालुका आणि एकोणीस जुड्या

दोस्तांनो, हे वाचायला बसण्याआधी दोन वस्तू जवळ घ्या. एक पट्टी आणि एक महाराष्ट्राचा नकाशा. घेतल्या? आता समुद्राच्या काठाकाठाने बोट खाली न्या. मुंबई गेली, अलिबाग गेलं, श्रीवर्धन गेलं, की एक नदी आडवी येते. ती सावित्री. महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत येते आणि इथे समुद्राला मिळते. नदीच्या उत्तरेला रायगड जिल्हा संपला, दक्षिणेला रत्नागिरी जिल्हा सुरू झाला. त्या रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी डोक्यावर टोपीसारखा जो छोटा तुकडा दिसतो ना, तो आमचा मंडणगड तालुका.

आमचा म्हटलं खरं, पण मी मूळची पंढरपूरकडची. डी.एड. झाल्यावर नेमणुकीचा आदेश हातात पडला, तेव्हा मलाही हे नाव असंच पट्टी घेऊन शोधावं लागलं होतं. आमच्याकडे पाऊस पडला तर बातमी होते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही! पहिल्या जुलैत माझ्या चपलांना बुरशी आली होती. आता सवय झाली.

तालुका सगळा डोंगरांचा. तांबडी माती, जांभ्या दगडाची घरं, उतारावर भाताच्या लहान लहान पट्ट्या, वर काजू आणि आंबा. सपाट जागा अशी फारशी नाहीच. पश्चिमेला समुद्राची एक चिंचोळी किनार. तिथे बाणकोट आणि वेळास ही गावं. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, आणि ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकरी जपतात तेही हेच. कोकण रेल्वे आमच्या तालुक्याला शिवतसुद्धा नाही. ती पूर्वेकडून खेडवरून निघून जाते. त्यामुळे इथे सगळा कारभार एसटीवर. सकाळी जाणारी वस्तीची गाडी चुकली, की त्या दिवसाचं काम चुकलं!

लोक किती? २०११च्या जनगणनेत सगळ्या तालुक्याचे मिळून बासष्ट हजारांच्या आसपास. मोठ्या शहराच्या दोन-तीन वॉर्डांत एवढी माणसं मावतील. त्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. का? पुरुष मुंबईला. कुणी गोदीत, कुणी हॉटेलात, कुणी रिक्षावर. घरी राहतात आई, आजी आणि मुलं. शेतीचं, सातबाऱ्याचं, बांधाच्या भांडणाचं जे काही असेल ते सगळं त्या बायांनीच निस्तरायचं. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम पडणार आहे.

आमच्या शाळेत मिळून बारा मुलं. चौथीत सहा. परिसर अभ्यासात 'आपला जिल्हा' आला, की मी भिंतीवर नकाशा लावते, टाचण्या देते आणि रंगीत दोरे देते. आपल्या वाडीत एक टाचणी. मग विचारायचं, आपलं कुठलं काम कुणाकडे? जमिनीचा उतारा हवा, तर तलाठ्याकडे. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण वाडीत अजून तलाठीच.) त्यांच्या वर तहसीलदार, मंडणगडला. त्यांच्या वर प्रांतसाहेब, दापोलीला. त्यांच्या वर जिल्हाधिकारी, रत्नागिरीला. त्यांच्याही वर विभागीय आयुक्त, ते थेट नवी मुंबईला. हा झाला लाल दोरा.

निळा दोरा वेगळा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. १९६२च्या महाराष्ट्र दिनापासून आपल्या राज्यात हा कारभार सुरू झाला. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, गावचे रस्ते हे पुष्कळसं या दोऱ्यावर. माझा पगारही याच दोऱ्यावरून येतो! तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्यात मुलांचा नेहमी गोंधळ होतो. मोठ्यांचाही होतो, सांगत नाहीत एवढंच.

हिरवा दोरा मतदानाचा. आमदार दापोली मतदारसंघाचे. आणि खासदार? मुलं लगेच ओरडतात, "रत्नागिरी!" चूक. आमचा लोकसभा मतदारसंघ रायगड. जिल्हा एक, खासदार दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाचा. मुलांना याची फार गंमत वाटते.

राहिला पिवळा दोरा, न्यायालयांचा. खरी गोष्ट त्याचीच आहे.

पण त्याआधी दोनशे वर्षं मागे जाऊ. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत तिथून दिसतं. आंग्र्यांच्या ताब्यातला हा किल्ला १७५५ साली इंग्रजांनी घेतला आणि त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' असं नाव दिलं. पुढे पेशवाई संपली. दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला, तेव्हा त्याचं मुख्य ठाणं कुठे होतं, सांगा पाहू? आमच्या बाणकोटला! आज जिथे मासळीच्या होड्या लागतात तिथे जिल्ह्याचा साहेब बसत होता. पण जिल्हा होता लांबच लांब, आणि बाणकोट त्याच्या एका टोकाला. म्हणून १८२२ साली ते ठाणं मधोमध, म्हणजे रत्नागिरीला नेलं. नकाशात पाहिलं तर ते बरोबरच होतं. सगळ्यांना सारखं पडावं म्हणून मध्य काढायचा. पण कुठलाही मध्य काढला, तरी टोकाला राहणारा टोकालाच राहतो. त्यानंतर मंडणगड कितीतरी काळ दापोलीचा पेटा होता. पेटा म्हणजे पोटतालुका. आज मंडणगडहून रत्नागिरी दीडशे किलोमीटरहून जास्त पडते, आणि तेही घाटवळणांचा रस्ता.

आता आजीची गोष्ट. आमच्या शाळेच्या वरच्या अंगाला एक आजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची काजूची बाग आहे, फार मोठी नव्हे. बागेकडे जायची वाट शेजाऱ्याच्या जागेतून. ती वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. एके वर्षी शेजाऱ्याने वाटेवर गडगा घातला. म्हणजे दगड रचून भिंतच केली. काजू वर, आजी खाली!

आजी गेल्या तहसीलदारांकडे. तुम्ही म्हणाल, भांडण तर कोर्टात जातं, तहसीलदारांकडे कशाला? तर मामलेदार कोर्ट अधिनियम नावाचा १९०६ सालचा एक कायदा आहे, आणि तो अजून चालू आहे. शेताकडे जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ते जागेवर येऊन पाहतात, पंचनामा करतात आणि अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. मामलेदार हे तहसीलदारांचंच जुनं नाव. आजींनी सहा महिने जाऊ दिले नाहीत. वाडीतल्या एका शिकलेल्या मुलीने अर्ज लिहून दिला आणि हुकूम आजींच्या बाजूने झाला.

पण शेजारी म्हणाला, वाट राहू दे, ती जागाच माझी आहे. झालं! आता प्रश्न वाटेचा राहिला नाही, मालकीचा झाला. मालकी कोणाची हे ठरवायचं काम दिवाणी न्यायालयाचं. आणि त्या वेळी आजींचा दावा चालला शेजारच्या तालुक्यात. वाडीतून मंडणगड चौदा किलोमीटर, तिथे गाडी बदलायची, आणि पुढे घाटातून. एका बाजूने पंचावन्न किलोमीटर. पहाटे सहाची वस्तीची गाडी, परत यायला दिवेलागण. मुलगा मुंबईला, म्हणून आजी एकट्याच.

एके दिवशी वर्गात 'किलोमीटर' शिकवत होते. चौथीतला आजींचा नातू एकदम उठला आणि म्हणाला, "बाई, आमच्या आजीकडं तिकिटा हायत. खूप." दुसऱ्या दिवशी तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाच घेऊन आला. आत एसटीच्या तिकिटांच्या जुड्या. जायची दोन, यायची दोन, अशी चार तिकिटं एका दोऱ्यात बांधलेली. अशा जुड्या किती, तर एकोणीस! कितीतरी तिकिटांवरची शाई उडून गेली होती, कोरा कागद उरला होता. पण आजींना प्रत्येक तारीख तोंडपाठ. "ही रोवणीतली. त्या दिसाला वकील आलं न्हाईत. ही शिमग्याच्या आदल्या दिसाची..."

मग आम्ही फळ्यावर गणित मांडलं. तुम्हीही मांडा. एका खेपेला जाऊन येऊन ११० किलोमीटर. ११० गुणिले १९ बरोबर २०९०. मुलांनी भारताचा नकाशा काढला. मुंबईहून दिल्ली रेल्वेने साधारण १३८५ किलोमीटर. म्हणजे आजी दिल्लीला पोचल्या आणि परतीची निम्मी वाटही चालून आल्या. एका गडग्यासाठी! आणि हाच दावा मंडणगडला चालला असता तर? २८ गुणिले १९ बरोबर ५३२. फरक किती आला ते तुम्हीच काढा.

वर्ग जरा वेळ गप्प होता. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, पन शेजाऱ्याला पन तेवडाच चालायला लागला असंल ना?" खरंच की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोही तेवढाच फिरला होता. शेवटी लोकअदालतीत दोघांची तडजोड झाली. लोकअदालत म्हणजे दोन्ही बाजूंना समोर बसवून समजुतीने मिटवायचं. तिथे मिटलं की कोर्टात भरलेली फी परत मिळते आणि पुढे अपीलही नसतं. गडगा चार हात सरकला, वाट मोकळी झाली. आता दोघं एकमेकांच्या घरी गणपतीला जातात.

त्यानंतर १२ ऑक्टोबर २०२५चा दिवस आला. मंडणगडला दिवाणी आणि फौजदारी न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. उद्घाटनाला कोण आलं होतं? तेव्हाचे भारताचे सरन्यायाधीश भूषण गवई. देशातल्या सगळ्यांत वरच्या न्यायालयाचे प्रमुख, देशातल्या एका टोकाच्या तालुक्यात! याला कारणही तसंच आहे. याच तालुक्यात आंबडवे नावाचं गाव आहे. सकपाळांचं गाव. या गावावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. होय, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हे मूळ गाव. त्यांचा जन्म महूचा, पण मूळ इथलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून तो दिवस आपण शाळेत विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. आंबडव्याला त्यांचं स्मारक आहे. २०२२च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे येऊन गेले. ज्यांनी राज्यघटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, त्यांच्या मूळ गावच्या तालुक्याला ही इमारत मिळायला २०२५ साल उजाडलं. मला हे उशिराच वाटतं. पण आली, हे बरं झालं.

संक्रांतीनंतर आम्ही चौथीची क्षेत्रभेट काढली. तहसील कचेरी, पंचायत समिती, कोर्ट आणि वेळ उरला तर मंडणगडचा किल्ला. सहा मुलं, मी, आणि आठव्या आजी. नातवाने घरी सांगितलं होतं, आणि आजी पहाटे नऊवारी नेसून स्टॉपवर उभ्याच होत्या. "मी पन येनार. कोर्ट बगायचा हाय." नाही कसं म्हणणार?

तहसील कचेरीत फार रमलो नाही. रांगा होत्या, कागद होते, आणि साहेब दौऱ्यावर होते. पंचायत समितीत मुलांनी आमच्या शाळेचं नाव एका फाइलवर वाचलं, तेवढ्यानेच खूश झाली.

कोर्टात जाताना मात्र सगळे एकदम शहाणे झाले. तिथे जायला आपल्याला बंदी आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही बरं का. आपल्याकडे न्यायाचं काम सगळ्यांसमक्ष, उघड्यावर चालतं. काही नाजूक प्रकरणं सोडली, तर कुणीही मागे शांत बसून पाहू शकतं. मोबाइल बंद ठेवायचा, फोटो काढायचा नाही. मी आधी जाऊन विचारून आले होते. मुलं आहेत ना, विचारलेलं बरं.

पहिली निराशा ही, की न्यायाधीशांच्या टेबलावर हातोडा नव्हता! "ऑर्डर ऑर्डर" पण कुणी म्हणालं नाही. ते सिनेमातलं. इथे शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करतो, माणसं आत येतात, वकील हळू आवाजात बोलतात, पुढची तारीख मिळते, माणसं जातात. एकेका कामाला कधी दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आजी माझ्या कानात म्हणाल्या, "बगितलास? ह्या दोन मिंटासाठी मी दिसभर जायची."

बाहेर आल्यावर एका वकीलबाईंनी मुलांना वेळ दिला. मंडणगडला बसतात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही. म्हणजे सकाळी बांधाचा दावा आणि दुपारी चोरीचा खटला, असंही होऊ शकतं. त्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देता येते. त्याहून मोठे गुन्हे वर, सत्र न्यायालयात. ते खेडला आणि रत्नागिरीला. कोर्टाचा कागद घरोघर नेऊन देणारा माणूस म्हणजे बेलीफ. डोंगरातल्या वाड्यांत चालत जाऊन समन्स द्यायचं, हे काही सोपं काम नाही.

नातवाने विचारलं, "वकिलाला पैसे नसतील तर?" वकीलबाई म्हणाल्या, त्यासाठी १९८७चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे. बाई असेल, लहान मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचं कुणी असेल, तर उत्पन्न किती आहे हे न पाहता फुकट वकील मिळतो. आजी ऐकत होत्या. "मला कोनी सांगितलाच न्हाय," म्हणाल्या. मी काही बोलले नाही, कारण मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. मुलांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं. तुम्हीही घ्या आणि घरी वाचून दाखवा.

किल्ल्यावर जायला वेळ उरलाच नाही. पुढच्या वेळी.

शाळेत परत आल्यावर पिवळा दोरा लावायचा होता. मंडणगड, मग खेड आणि रत्नागिरी. त्यावर उच्च न्यायालय. आधी ते मुंबईला होतं. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी जिल्हा तिकडे जोडला गेला. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गाच्या लोकांची मोठी सोय झाली. आता काढा तुमची पट्टी. मंडणगडवर शून्य ठेवा आणि आधी मुंबई मोजा, मग कोल्हापूर. काय आलं? आमच्या मुलांनी तीन-तीनदा मोजलं. पट्टी चुकली म्हणून भांडले सुद्धा. कोल्हापूरच लांब भरलं! म्हणजे सोय झाली बाकी सगळ्यांची आणि आम्ही पुन्हा टोकाला. बाणकोटच्या ठाण्यासारखंच. यावर उपाय काय, असं मुलांनी मला विचारलं. मी त्यांनाच विचारलं. सहा जणांनी सहा उत्तरं दिली, एकाने तर हेलिकॉप्टर मागितलं. तुमचं उत्तर मला जरूर कळवा.

परतीच्या गाडीत आजी खिडकीशी बसल्या होत्या. कंडक्टर आला. पंचाहत्तरच्या वर वय असलं, की २०२२पासून एसटीचा प्रवास फुकट. आजींनी आधार कार्ड पुढे केलं, त्याने शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. आजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि हसायला लागल्या. "आता गाडी फुकट झाली, कोर्ट पन दाराशी आला, नि माजी केसच संपली गो बाई!" सगळी गाडी हसली.

मग त्यांनी ते तिकीट नीट घडी करून बटव्यात ठेवलं. नातू बघत होता. मला हळूच विचारतो, "बाई, हा हिशेबात धरायचा का?"